भोळे कोण म्हणालं?

बाई, काल वाडीत बैठक झाली आणि तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण तुमचा ओरडा अजून ताजा आहे.

दहिवलीतलं तुमचं स्वयंपाकघर. शाळा सुटली की मी तिथे अभ्यासाला यायची आणि तुम्ही भाकऱ्या थापता थापता माझी उत्तरं ऐकायचात. त्या दिवशी धडा होता दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा. तिथल्या डोंगरातले मूळ रहिवासी काही बंडखोरांकडून लढले, काही स्पेनच्या राजाकडून. मी ठोकून दिलं, राजाकडचे भोळे होते, फसले. तुमचा पिठाचा हात परातीतच थांबला. "भोळे कोण म्हणालं तुला? राजानं त्यांच्या सामाईक जमिनी मान्य केल्या होत्या. नव्या राज्यात जमीनदार त्या गिळतील, हे त्यांना दिसत होतं. दोन्हीकडच्यांनी आपापलं बघितलं. याला राजकारण म्हणतात. आणि तू ठाकरवाडीची, डोंगरातल्या आदिवासींची पोर असून असं बोलतेस?" मी रडले. मग तुम्ही गरम भाकरीवर सुकट वाढलंत आणि मी रडत रडत दोन भाकऱ्या हाणल्या.

आता मी खालापूरला तोच इतिहास शिकवते. ग्रामपंचायतीची निवडणूक आली आहे, म्हणून काल वाडी एकत्र बसली होती. नवं पॅनेल शिकलेल्या पोरांचं, माझ्या ओळखीचं. मी त्यांच्यासाठी तावातावानं बोलले. जुन्या सरपंचाशी तर आमचा जन्माचा उभा दावा. माझं झाल्यावर आई पदर सावरत उठली.

"तुजं समदं खरं गं. पन तुज्या पोरांच्या मागं फार्महाऊसवाला बसलाय. म्हाताऱ्या सरपंचानं डोंगरावर आमी कसतो ती दळीची जमीन आमच्या नावावं करायचा ठराव केलाय, ह्यो कागद. आमी सगली मतं त्यालाच देनार, पन ठराव फिरवलान तर पुडच्या टायमाला नाय."

बाया हसल्या, माना डोलल्या, चहा आला. मी घरच्याच मैदानात चीतपट झाले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. बशीतला चहा फुरकताना वाटलं, तुम्ही इथे हव्या होतात.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही दिलेल्या नकाशांच्या पुस्तकात ठेवून देते. फक्त एक कबूल करते, बाई. आई बोलून खाली बसली, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो तोच. भोळी.