माहेरच्या आडनावानं

प्रिय ठमे,

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहितेय. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही. बाबा मजेत आहेत. त्यांचा गुडघा कुरकुरतो, ते त्याहून जास्त कुरकुरतात.

मालिकेतल्या माझ्या आत्याबाईंना मारलं, हे कळलं असेलच. मला ते मेकअपदादांकडून कळलं. "ताई, आज फक्त फोटो काढायचाय, हसरा," एवढं बोलून ते हातातल्या पफकडे बघत राहिले. पाच वर्षं मी त्या घरात कटकारस्थानं केली आणि जाताना एक वाक्य नाही, साधा खोकला नाही! फोटो मात्र भिंतीवर रोज दिसतो. सध्या त्याला माझ्याहून जास्त काम आहे. परवा भाजीवाली दचकून म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात ना?" म्हटलं, गेले होते, कांदे संपले म्हणून परत आले. ती हसली. मी घरी येऊन कांदे चिरायच्या आधीच रडले.

माझं नशीबच तसलं. तेविसाव्या वर्षी नाटकात प्रॉम्प्टिंग करायचे. सासूचं काम करणाऱ्या बाईंचा पाय मुरगळला; मला सगळं पाठ, म्हणून केसांना पावडर फासून मलाच उभी केली. माझा मुलगा झालेला नट माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा! टाळ्या पडल्या आणि तिथंच माझं तारुण्य संपलं. त्यानंतर रंगमंचावर मला कुणी प्रेमातच पडू दिलं नाही. सिनेमात अकरा वेळा नर्स झाले. दरवेळी धावत यायचं आणि "डॉक्टर, पेशंटनं डोळे उघडले" म्हणून बाजूला व्हायचं. दोनदा न्यायाधीश, एकदा प्रेत. प्रेत फार छान झालं, असं दिग्दर्शक म्हणाले होते. लोक मला रस्त्यात ओळखतात गं, पण "तुम्ही त्या ह्या ना?" याच्यापुढे कुणाची गाडी जात नाही.

आता मुद्द्याचं. मेकअपदादा तू दिग्दर्शित करतेयस त्या पहिल्या सिनेमालाही आहेत आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं. त्यातल्या तिकीट खिडकीवरच्या बाईच्या कामासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई नको. तिला रडायला सांगितलं की ती आधी कॅमेरा शोधते."

दोन दिवस मी नुसती धुमसत होते. बाबांना तर उगाचच झापलं. तिसऱ्या दिवशी मालिकेचे जुने भाग लावून बसले. शोधते गं. खरंच शोधते. डोळे भरायच्या आधी मान वळते. पण ठमे, ही खोड मला कुणी लावली? जन्मभर कोपऱ्यात उभं राहून दोन वाक्यांत दिसायचं, तर माणूस दुसरं काय करणार? तुझं म्हणणं खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं. खरं आहे म्हणून लागलं. आणि तू ते मला न सांगता चारचौघांत बोललीस, म्हणून जास्त लागलं.

तर, गुरुवारी अकराच्या ऑडिशनला माझं नाव आहे. तुझ्या सहायकाला फोनवर माहेरचं आडनाव सांगितलं, त्यामुळे यादी वाचूनही तुझ्या लक्षात आलं नसेल. हे पत्र त्यासाठीच. मला दारात बघून तू सगळ्यांदेखत गोंधळायला नकोस. उठून बाहेर जाऊ नकोस, पाणीबिणी विचारू नकोस. तुम्ही पाठवलेली प्रसंगाची दोन पानं मी पाठ केलीत, भिंतीकडे तोंड करून. काम जमलं नाही, तर इतरांना सांगतेस तसं तोंडावर 'नाही' सांग. माझी मी घरी जाईन, बाबांसाठी वरण-भात लावीन, तुझ्यावर राग धरणार नाही. पण जमलं, तर केवळ माझी मुलगी आहेस म्हणून 'नाही' म्हणू नकोस.

गुरुवारचे अकरा सोडून एरवी कायम तुझीच,
आई