पोर्टफोलिओतला राम

३ फेब्रुवारी
पुण्याच्या म्युझिक कॉलेजसाठी पोर्टफोलिओ जवळजवळ तयार. फक्त 'सांस्कृतिक भान' दाखवणारा एक तुकडा हवाय. सोप्पंय! मी, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा भिंगारचा एडविन, हिंदू भजन सादर करणार. पॅनेल गार. क्लासमधली स्नेहल पारनेरकडची. तिच्या आईला, लंकाकाकूंना, लई गाणी येतात म्हणे. रविवारी येतो, कळवलं.

८ फेब्रुवारी
स्नेहलचा मेसेज. "घरात लई अडचण हाय, येऊ नको." जागेची कसली लाज! खाली बसेन की. जाणारच.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
खरंच अडचण. घरभर बाया, ओट्यावर गडीमाणसं गप्प. ऑडियन्स एकदम सिरियस. मधोमध काकू हेल काढून गात होत्या: "रामा रं, कुठं गेलास रं, माझ्या वाघा!" वनवासाचं भजन! काय दर्द! स्नेहल तर भान हरपून त्यांच्या मांडीवर पडलेली. मोबाईल पुढे धरला, गुडघ्यावर ठेका दिला. संपल्यावर म्हणालो, काकू, वन्स मोअर, फक्त मधला हुंदका टाळा. सगळे बघतच राहिले. एका काकांनी दंडाला धरून थेट बाईकपर्यंत पोचवलं. अगत्य शिकावं यांच्याकडून.

११ फेब्रुवारी
रेकॉर्डिंगखाली ढोलकी टाकली. हुंदके कापले. नाव 'वनवास'. पाठवलं. स्टेटसलाही ठेवलं. स्नेहलने पाहिलं, बोलली नाही. भारावली असणार.

१२ फेब्रुवारी
स्नेहलचा फोन. राम तिचा थोरला भाऊ. सुप्याच्या कंपनीतून शिफ्ट करून येताना टेम्पोनं उडवला. मी गेलो त्याच्या दोनच दिवस आधी. अडचण म्हणजे ती. सगळीकडून काढ म्हणाली, आईच्या रडण्यावर वाजवलेली ढोलकी आईच्या कानावर जायला नको. शरमेनं मेलो. स्टेटस लगेच काढलं. कॉलेजला उद्या कळवतो.

१३ फेब्रुवारी
क्वायरची प्रॅक्टिस. वेळच नाही. उद्या नक्की.

२० फेब्रुवारी
शॉर्टलिस्ट झालो! त्याच तुकड्यामुळे. आता ईमेलवर कळवणं बरं दिसत नाही. इंटरव्ह्यूला समक्ष सांगेन.

१ मार्च
इंटरव्ह्यू. मॅडमनी विचारलं, यातला राम कोण? देव, म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. ॲडमिशन पक्की. तुकडा कॉलेजच्या पेजवर टाकणार आहेत. मम्मीनं पेढा भरवला.
मग स्नेहलचा फोन. कॉलेजकडून काढून घेतलंस ना, विचारत होती. हो, म्हणालो.
थँक्यू, म्हणाली.