व्हिटॅमिनच्या डबीतली हळद

मामा,

प्रिय वगैरे लिहीत नाही, डोकं फिरलंय. मी ट्रकवर हिंडत होतो, घाटात एकदा ब्रेकच... ते जाऊ दे. घरी आलो तर आईचे डोळे पिवळेजर्द. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही औषध घेता का?" आई म्हणाली, "छे!" आणि टेबलाखाली माझा पाय दाबला. तू दिलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल तिने व्हिटॅमिनच्या डबीत भरल्यात, तुझं नाव येऊ नये म्हणून! मी डबीच बाईंपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "लिव्हर यानेच बिघडलं असावं. हे आजच बंद करा. लिव्हर सुधारेपर्यंत केमो देता येणार नाही."

आई माझ्यावरच उखडली. "माझा भाऊ मला विष देईल का रे?"

झाडपाल्याने कॅन्सर वितळतो, अपाय काहीच नाही, डॉक्टरांना सांगू नकोस, हे तूच तिच्या डोक्यात भरवलंस ना? मग तूच काढ. उंडग्या पोराचं ती ऐकत नाही. कॅप्सूल अजून घेतेय.

हे पत्र पोस्टात टाकत बसत नाही. सकाळी ते घेऊन तुझ्या दुकानातच येतो. शटर ओढ आणि चल. तिच्यासमोर बसून म्हण, "ताई, मला यातलं काही कळत नाही."

अजून तरी तुझाच,
भाचा