जीवन घरत यांच्या फुप्फुसातील फेल्डस्पार

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कामगार आरोग्य कक्ष, उरण.

विषय : फेल्डस्पार गोदामाची, मालकास न कळवता, फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : गेल्या महिन्यात टपालाने मिळालेला आपला चौकशी अहवाल.

महोदय,

माझे पती जीवन घरत बंदराजवळच्या गोदामात फेल्डस्पारची, म्हणजे टाइल्स व कपबश्यांसाठी दळलेल्या दगडाची, पांढरी पूड गोण्यांत भरत असत. घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयाही पांढऱ्या असत. पुढे त्यांना जिना चढवेना, मग उंबराही ओलांडवेना. मुंबईच्या डॉक्टरांनी फुप्फुसात दगडाची धूळ बसल्याचे लिहून दिले. त्यावरून आम्ही तक्रार केली.

आपले निरीक्षक आले त्या सकाळी गोदाम पाण्याने धुतलेले होते. कामगारांना नवे मास्क दिले होते. साहेबांची गाडी वळताच मुकादमाने ते परत घेतले. निरीक्षक आमच्या घरीही आले. पतींना ऑक्सिजन लावलेला होता. "कामावर धूळ असते का?" असे त्यांनी विचारले. पती होकारार्थी मान हलवत राहिले. साहेबांनी लिहिले, "संबंधिताने तोंडी जबाब दिला नाही." जाताना त्यांनी आमच्या जोत्याच्या काळ्या दगडाचा तुकडा फोडून नेला.

अहवाल पतींच्या तेराव्यानंतर पोहोचला. त्यात आपण म्हणता की, फेल्डस्पार पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग आहे. ते अर्जदाराच्या जोत्यातही आढळले. सबब धूळ गोदामातीलच होती असे म्हणता येत नाही. कुटुंबाने घर स्वच्छ ठेवावे, असा सल्लाही आहे.

महोदय, त्या जोत्यावर माझ्या सासूबाई सोनूबाई लग्न होऊन आल्यापासून बसत आल्या. त्यांना खोकलासुद्धा नाही. अहवाल वाचून दाखवल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "माझे घरानंच पोराला खाल्ला, असा लिवलाय का?" तेव्हापासून त्या तिथे बसत नाहीत.

पतींच्या जागेवर आता माझा धाकटा दीर केतन लागला आहे. पहिल्या दिवशी मी त्याला दारात अडवले. तो म्हणाला, "वैनी, दुसरा काम कुठं हाय?" मी त्याचा डबा भरून दिला.

तरी तपासणीस येताना गोदामास आधी कळवू नये, आणि केतनचा जबाब लवकर घ्यावा. तो सध्या बोलू शकतो.

आपल्या अचानक येण्याची वाट पाहणारी,
रचना जीवन घरत
ता. उरण, जि. रायगड
दि. १४ जानेवारी २०२५