काढून टाकलेला वॉल

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. मध्ये बोलू नका. गॅरेजमध्ये त्या उलट्या घमेल्यावर बसून मी तुमचं खूप ऐकलं, आता तुम्ही ऐका.

गेल्या वर्षी माझी बदली कोंढ्याच्या शाळेत झाली, म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. पेट्रोलची, तेरा वर्षं वापरलेली. विकणारा पवनीचा किराणा दुकानदार होता, माणूस सभ्य. गाडी घरी आली त्याच रविवारी मी पदर खोचला, पाना घेतला, आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाइप जिथं बसतो तिथलं झाकण खोलून आतला थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकला. तो बिघडला होता का? मुळीच नाही. पण तुमच्याकडे कोणतीही गाडी येवो, तुम्ही सगळ्यात आधी तेच करायचे. ब्रेक लागत नाही म्हणून आलेल्या गाडीचाही वॉल काढायचे! "आपल्या भंडाऱ्याच्या उन्हात वॉल कायले पायजे? थंड्या मुलखातल्या गाडीले लागते थो. काढून फेक, पाणी मोकळं फिरू दे." कारध्याच्या नाक्यावरचे सगळे डायवर माना डोलवायचे. मला वाटायचं, माझ्या बापासारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही.

मग गाडी तापायला लागली. गावातल्या गावात काही नाही, पण शाळेतल्या दोघी मैत्रिणींना घेऊन कोंढ्याला निघाले की अड्याळच्या आसपास तापमानाचा काटा वर. थांबा, बोनट उघडा, उन्हात उभ्या राहा. पाणी पाहिलं, भरलेलं होतं. रेडिएटर धुवून घेतला. पंखा वेळेवर फिरत होता. रेडिएटरचं झाकण बदललं, पाण्याचा पंप बदलला. भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीनं तर इंजिनाचं हेडच खोलायला सांगितलं. मी कशावर म्हणून संशय घेतला नाही? फक्त तुम्ही शिकवलेल्या गोष्टीवर नाही घेतला. उलट त्या बिचाऱ्या दुकानदाराला फोन करून वाट्टेल ते बोलले, लोकांना फसवून गाड्या विकता म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सात वर्षं माह्याकडं होती, एक डाव नाही तापली जी. तुमी काही खोललं का?" मी म्हटलं, काही नाही. आणि मी खोटं बोलतेय असं मला वाटलंही नाही. वॉल काढणं म्हणजे काही खोलणं, असं आपल्या घरी कोणी समजतच नव्हतं.

मागच्या रविवारी मात्र माझं डोकं फिरलं. तापलेली गाडी अंगणात उभी केली आणि हाताला फडकं गुंडाळून एकेक पाइप चाचपला. इंजिन नुसतं भाजत होतं आणि रेडिएटर मात्र खालून कोमट. म्हणजे गरम पाणी पुरतं तिकडे जातच नव्हतं. मग जातं कुठं? इंजिन निवल्यावर वॉलच्या जागेचं झाकण पुन्हा खोललं, बॅटरी लावून आत पाहिलं, तर वॉलच्या रिकाम्या जागेखाली अंगठ्याएवढं दुसरं छिद्र दिसलं. तिथून पाणी रेडिएटरचं तोंडही न पाहता सरळ इंजिनात परत. मी भंडाऱ्याहून नवा वॉल आणला आणि नीट उघडतो का ते पाहायला पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला.

हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना! मी दहा वर्षांची असेन. आई अंगणात धान पाखडते आहे, आणि तुम्ही तिच्या चहाच्या गंजात वॉल उकळता आहात. "पाय, पाय, कसा तोंड उघडते!" मी टाळ्या पिटते. आई धावत येते, "तुमच्या मशिनीचं पाणी पिऊन मरू का आमी?" तुम्ही हसता, मला म्हणता, "पोट्टीले समजते सारं." मुलीला काय गाड्या शिकवतो म्हणून लोक तुम्हाला हसायचे, तरी तुम्ही शिकवलंत. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण बाबा, त्या दिवशी तुम्ही मला वॉलची नुसती वरची चकती दाखवली. मागच्या रविवारी मी खालची पाहिली. वरची उघडते तेव्हा खालची त्याच वेळी खाली उतरते आणि ते दुसरं छिद्र बंद करते. वॉलच काढला तर ते बंद कोण करणार? अर्धं गरम पाणी तसंच आत फिरत राहतं. थोडं अंतर चालेल, पण लांबचा रस्ता आणि भरलेली गाडी असली की तापणारच. सगळ्याच गाड्यांत ते छिद्र नसतं, म्हणून तुमचं इतकी वर्षं निभावलं. नवा वॉल बसवून मी तशाच भर दुपारी पवनीपर्यंत जाऊन आले. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

आणि परत येताना कोंढ्याच्या वळणावर मला काकाजी आठवले. तुमचा सख्खा लहान भाऊ. गाडी बाजूला घेऊन मी रडले. दुःखानं नाही, संतापानं.

त्यांची काळी-पिवळी जीप याच वळणावर इंजिन तापून जाम झाली होती. मालक दुसरा, चालवणारे काकाजी, आणि आठ दिवस आधी वॉल काढणारे तुम्ही. जीप ओढत नाक्यावर आपल्या गॅरेजसमोर आणली आहे, बाजूच्या चहाच्या टपरीवरचे सगळे डायवर गोळा झाले आहेत. तुम्ही रेडिएटर उघडता. आत थेंब नाही, सगळं पाणी उकळून गेलेलं. "कोरडीच पयवली यानं. झोपला होता का बे?" काकाजी हात जोडतात. "भाऊ, निंघतानी मीच पाणी पायलं. गळ्यापर्यंत होतं." आणि तुम्ही काय म्हणालात? "लबाड बोलते. माह्या हातची गाडी तापत नाही."

एवढं एक वाक्य! त्यानंतर त्यांना कुणी जीप दिली नाही. बिनपाण्याचा डायवर म्हणून लोक चिडवायचे. स्टिअरिंगवर हात इतका साफ असलेला माणूस वीस वर्षं राईस मिलवर पोती उचलत राहिला. चूक कोणाची होत नाही हो? पण तुम्हाला एकदा तरी वाटायला हवं होतं, की आपला भाऊ खरं बोलत असेल. निदान दुसऱ्या दिवशी, निदान मरताना! तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्यांनी दिला, बाबा. लाज वाटते मला.

काल संध्याकाळी मी गाडीतून काढलेला जुना वॉल अडगळीतून शोधून त्यांच्या घरी घेऊन गेले. ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं, खालची चकती बोटानं दाबून दाखवली. त्यांनी वॉल हातात घेऊन बराच वेळ फिरवला.

"मंग पाणी होतं ना?"

"होतं, काकाजी."

मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील, मला जवळ घेतील. कशाचं काय! भडकले. "हे मले काहून सांगून रायली? पाणी होतं हे मले मालूमच होतं. त्यायले सांग. त्या दिवशीचे चार डायवर अजून जिते आहेत, रोज सकाळी टपरीवर बसतात. भावानं चारचौघात म्हटलं होतं, तू चारचौघात सांग. तू त्याची पोरगी होस, तुयंच खरं मानतीन."

मी म्हटलं, "हाव काकाजी, नऊ वाजता तुम्हाला घ्यायला येते."

सकाळी आठलाच मी तयार होते, वॉल पर्समध्ये टाकला होता. म्हटलं, आधी बाबांना दोन शब्द सुनवावे, राग मोकळा करावा, मग निघावं. म्हणून लिहायला घेतलं. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, पाठवणार तरी कुठं? पण एक सांगून टाकते. तुमच्यावर इथं, दार लावून, मी कितीही ओरडू शकते. तिथं, त्या टपरीवर, त्या माणसांसमोर "माझ्या बापाचं चुकलं" एवढं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पावणेबारा झाले आहेत. ती माणसं बाराला जेवायला उठतात. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून बसले असतील. त्यांचा फोन तीनदा वाजला आणि मी उचलला नाही.