गादीच्या मधोमध

मावशी,

काकांना काल सरकारी दवाखान्यात जे ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्यामुळे. तुझ्यासमोर जीभ रेटत नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या हातात देईन असं वाटत नाही.

मी तिथे आपल्याच कारखान्यातल्या गाद्या दुरुस्त करत होते. तेवढ्यात संसदेची समिती आली, सरकारी खर्च तपासणारी. काका म्हणाले, "मॅडम, आत शंभर टक्के कापूस!" समितीच्या अध्यक्षबाईंनी एका गादीचा कोपरा उसवून बघितला. कापूसच निघाला. तपासणारे कोपराच बघतात, म्हणून काका तेवढ्यातच कापूस भरायला लावतात. बाई दाराकडे निघाल्या.

समोरच्या पलंगावर एक म्हातारी कण्हत होती. आपल्या गादीवर पडून पाठ सोलवटली होती तिची. मी कात्री घेतली आणि शेजारची रिकामी गादी मधोमध फाडली. चिंध्याच चिंध्या!

"ए मुके, वेड लागलं का?" काका ओरडले. घरात कधी तोंड उघडत नाही, म्हणून मी त्यांची मुकी.

"मीच भरल्यात," मी म्हणाले. "सगळ्या अशाच आहेत."

बाई मागे फिरल्या, मला खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं, खाली सही मागितली. शाळा सुटल्यापासून माझी सही कुणी मागितली नव्हती. तू घराबाहेर काढलंस तरी चालेल, मावशी. मी पूर्ण नाव लिहिलं.

तुझी भाची