आज कोण पडलं?

रविवार, संध्याकाळ. दिवेआगर.

कॉलेजात महाकाव्याचा पेपर होता, तेव्हा आईने बजावलं होतं की भावाभावांचं युद्ध घरात वाचायचं नाही, भांडणं लागतात. म्हणून मी वाडीत विहिरीच्या काठावर बसून वाचायचे. काका पोफळींना पाणी लावताना रोज विचारायचा, "आज कोण पडलं गो?" मी सांगायचे, तो हळहळून मान हलवायचा.

घरात कधी भांडण झालं नाही. वाडीवरूनच झालं. बाबा आणि काका वेगळे झाले, मधे तारेचं कुंपण आलं. मी तिथे वाचलं म्हणून? काहीतरीच माझं.

आज विहिरीवर बसले होते. कुंपणापलीकडून काकाने विचारलं, "आज कोण पडलं गो?"

मी मधल्या तारेकडे बघितलं. त्याने तशीच मान हलवली.